तिच्या नावावरचा फुगा

बँकेच्या तक्रार खिडकीतून नाव पुकारलं गेलं आणि दोन माणसं एकदम उठून उभी राहिली.

एक ती. दुसरा समोरच्या बाकावरचा उंचसा तरुण, उन्हाने रापलेला, एका भुवईचे केस अर्धे जळालेले. पुकारलं होतं ते फक्त आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांनी "माझंच" म्हटलं, आणि एका माणसापुरती जागा असलेल्या त्या खिडकीपाशी दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. त्याच्या शर्टाला किंचित जळकट वास येत होता. एका ओल्या छत्रीचं पाणी तिच्या चपलेवर ठिबकत होतं, आणि छत्री अर्थातच त्याची होती.

खिडकीमागच्या मॅडमनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, मग बराच वेळ संगणकाकडे. "इथे एकच माणूस दिसतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी कोण तो?"

आता ती त्या खिडकीपाशी का आली होती, ते सांगायला हवं. ती दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तिच्या लॅबमध्ये साचे यायचे आणि ती पोर्सेलिनचा एकेक दात असा घडवायची, की खऱ्या दातांच्या रांगेत तो बसला की त्या माणसाच्या बायकोलाही शोधून सापडू नये. गल्लीत सगळे तिला दातवाली म्हणत. लॅब तिची नव्हती, काकांची होती. काका नात्याने काका नव्हते, पण शाळा सुटल्यापासून ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आता त्यांचे हात थरथरू लागले होते आणि ते बहिणीकडे राहायला निघाले होते. जागेवर एका खोकी साठवणाऱ्या व्यापाऱ्याचा डोळा होता. काका म्हणाले होते, "पोरी, महिनाअखेरपर्यंत मी थांबतो. तू पैशांचं बघ. त्यापुढे माझ्या हातात नाही."

तिने कर्जासाठी अर्ज केला. तिचा पगार बरा होता, आयुष्यात तिने कुणाचं काही बुडवलं नव्हतं. पण कर्ज विभागातल्या माणसाने तिचा क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि मान हलवली. तुमच्या नावावर आधीच एक कर्ज आहे, म्हणाला, आणि ते थकलंय. कशासाठी घेतलंय म्हणून तिने विचारलं, तर त्याने संगणकाचं तोंडच तिच्याकडे वळवलं. तिथे लिहिलं होतं, गरम हवेचा फुगा, माणसं बसवून उडवण्याचा, टोपलीसह.

तिला हसू फुटलं होतं. तिला साध्या स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. पण तो माणूस हसला नाही, आणि घरी जाईपर्यंत तिचंही हसू मावळलं. लॅब हातची जाणार, तीही एका फुग्यापायी.

"फुगा माझा आहे," शेजारचा तरुण आता खिडकीत वाकून सांगत होता. "आणि हप्ते मी दर महिन्याला इथेच भरतोय. तरी थकलं म्हणून नोटीस आली." त्याने खिशातून पावत्यांचा जुडगा काढला. सगळ्या पावत्या ओळीने लावून रबर घातलेलं होतं. दातवालीला नीटनेटकी माणसं आवडत, पण त्या क्षणी तिने ते स्वतःशीही कबूल केलं नाही.

मॅडमनी उलगडा केला. दोन शाखा एकत्र झाल्या तेव्हा संगणकाला दोन खातेदार सापडले. आडनाव तेच, पहिलं अक्षर तेच, जन्मतारीख तीच. त्याने दोघांना एकच माणूस धरलं आणि याचं कर्ज तिच्या फाइलीत टाकलं. हप्ते मात्र जात राहिले याच्या जुन्या नंबरवर, जो नंबर आता अस्तित्वातच नव्हता. पैसे कुठल्यातरी आडबाजूच्या खात्यात धूळ खात पडले होते.

"थोडक्यात, संगणकाने तुम्हा दोघांना एक केलंय," मॅडम म्हणाल्या.

"घरच्यांना तरी विचारायचं त्याने," फुगेवाला म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. दातवालीही हसली नाही, पण त्याचं हसणं तिने पाहिलं. खालच्या ओळीत एक दात शेजाऱ्यावर जरासा रेलला होता. दिसला दात की तो सरळ कसा करायचा याचा विचार तिच्या डोक्यात आपोआप सुरू व्हायचा. या दाताच्या बाबतीत तो झाला नाही.

दुरुस्तीचा रस्ता सरळ नव्हता. रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे हरकत नोंदवायची, कंपनी बँकेला विचारणार, बँक यांच्याकडे कागद मागणार, कागद तपासून मुख्य कार्यालयात जाणार. आणि दर वेळी दोघांनी बरोबर यायचं. एकटा कुणी आला की संगणक म्हणणार, माणूस तर हाच आहे, मग तक्रार कसली?

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दात बनवायला किती वर्षं शिकावं लागतं, काकांची मुदत किती उरली आहे, आणि या जगात फुगा घ्यायला कर्ज काढणारी माणसं आहेत हे आपल्याला आजच कसं कळलं, सगळं सांगितलं. भुरभुर पाऊस होता. त्याने छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला, त्यामुळे तिला भांडणं जरा अवघड गेलं.

"चूक बँकेची आहे," तो शेवटी म्हणाला, "पण त्रास माझ्यामुळे झाला. तुम्ही म्हणाल तेव्हा मी येईन. आणि... एक सांगू? एवढी मोठी वस्तू तुमच्या नावावर आहे. निदान एकदा बघून तरी घ्या."

"मला उंचीची भीती वाटते."

"फुग्यात नाही वाटत."

"का नाही वाटत?"

"ते खालून सांगता येत नाही," तो म्हणाला, आणि छत्री तिच्या हातात देऊन पावसात निघून गेला. छत्री परत करायची म्हणजे पुन्हा भेटणं आलं. हे त्याने मुद्दाम केलं असावं असं तिला वाटलं, आणि वाटून राग यायला हवा होता तो आला नाही.

मग त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. कधी सहीचा नमुना द्यायला, कधी जन्माचा दाखला द्यायला, कधी नुसतंच बाकावर ताटकळायला. दाखल्यांवरून कळलं की तो पहाटे जन्मला आणि ती त्याच दिवशी संध्याकाळी. तेव्हापासून तो मोठेपणा मिरवू लागला. बाकावरची जागा वडीलधाऱ्यांना आधी द्यावी, म्हणायचा. ती म्हणायची, वडीलधाऱ्यांच्या भुवया निदान जागेवर असाव्यात. फुग्यातल्या बर्नरने त्या जळतात, हे तिने तोवर त्याच्याकडून काढून घेतलं होतं. काम कुठवर आलं हे विचारायचं कधीकधी राहूनच जायचं, आणि घरी पोचल्यावर तिला दचकायला व्हायचं. महिना सरत चालला होता.

एकदा तो लॅबमध्ये आला, आईला घेऊन. आईचा पुढचा एक दात पडला होता. डॉक्टरांनी साचा पाठवला होता, पण रंग नेमका जुळवायचा तर माणूस समोर लागतो. बाई तोंडावर हात धरूनच बोलायच्या. हसू आलं की मान फिरवून हसायच्या.

दातवालीने त्यांना खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि कामाला लागली. बारीक कुंचल्याने ती ओल्या पोर्सेलिनचा थर चढवत होती, मुळाशी पिवळसर, मध्ये दुधी, टोकाला जवळजवळ पाण्यासारखा. दात भट्टीत घातला, काढला, पुन्हा थर दिला. शेजारच्या खऱ्या दातावर एक केसाएवढी रेघ होती. तिने तशीच रेघ नव्यावरही उमटवली. काका कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचायचं सोंग घेऊन बसले होते.

फुगेवाला सगळा वेळ तोंडात बोट घालून बघत होता. दात आईच्या ओठांशी धरून तिने आरसा दाखवला तेव्हा बाईंचा तोंडावरचा हात खाली आला, आणि मग वर गेलाच नाही. त्या मोकळेपणी हसल्या. मुलाने आईला असं हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं असावं, कारण तो एकदम खिडकीकडे वळला.

"रेघ कशाला काढली?" निघताना त्याने हळूच विचारलं. "कुणाला दिसली असती?"

"दिसली नसती. पण ती नसती तर काहीतरी खोटं आहे असं वाटलं असतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतका वेळ कुणी तिच्याकडे, दात दुखत नसताना, पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती फुगा बघायला कबूल झाली. नुसता बघायला.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ती पोचली तेव्हा नुकतं फटफटत होतं. फुगा जमिनीवर आडवा पसरला होता, एखाद्या मंडपाचं कापड उतरवून ठेवावं तसा. त्याची आई जुन्या व्हॅनमधून पंखा उतरवत होती. फुगा उतरेल तिथे व्हॅन न्यायची हे काम तिचं. गेली काही वर्षं हा पोरगा वाऱ्यावर आणि मी रस्त्यावर, असं तिने दातवालीला ऐकवलं आणि तिच्या हातात एक दोर दिला. "धर घट्ट. आता तुझाही आहे म्हणे."

फुगा भरू लागला. आधी नुसती सळसळ. मग बर्नरची ज्योत गर्जली आणि ते अवाढव्य कापड हलकेच उचललं गेलं, उभं राहिलं, आणि आभाळाचा अर्धा भाग झाकून टाकला. दातवालीचं आयुष्य तांदळाएवढ्या वस्तूंवर नजर लावण्यात गेलेलं. एवढं मोठं काही तिने कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

उडण्याआधी तो हातात यादी घेऊन एकेक गोष्ट मोठ्याने वाचून तपासत होता, गॅस, दोर, झडप. एके ठिकाणी दोनदा तपासलं. "रोजच तर करता," ती म्हणाली, "एखादी ओळ गाळली तर काय होणार आहे?"

"गाळलेली ओळ वर गेल्यावर आठवते," तो म्हणाला. मग टोपलीतून हात पुढे केला. "येताय?"

ती नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण पाय आधीच टोपलीत पडला होता.

आपण उडालो हे तिला कळलंच नाही. टोपली हलली नाही, वारा लागला नाही. जमीनच हळूहळू खाली गेली आणि तिच्याबरोबर व्हॅनही, हात हलवणारी त्याची आईही. त्याने बर्नर बंद केला आणि एवढी शांतता झाली, की खालचे आवाज एकेक करून वर येऊ लागले. कुठेतरी बादली आपटली. एक कुत्रं भुंकलं. कुणीतरी पोराला उठवत होतं, आणि पोर अजून थोडं म्हणत होतं, तेसुद्धा ऐकू आलं. छपरांवरून, रस्त्यांवरून फुगा निवांत चालला होता. लॅबचा पत्रा दिसला. बँक दिसली, आगपेटीएवढी.

तिला भीती वाटत नव्हती. ती शोधत होती भीती, पण सापडत नव्हती. डोळ्यांतून पाणी का वाहतंय हे तिला सांगता आलं नसतं.

"हे सगळं... रोज असंच असतं का?" तिने विचारलं. तिची बोटं त्याच्या मनगटावर केव्हा गेली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"रोज."

"आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस?"

"तू" म्हटलेलं तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या लगेच आलं होतं. त्याने मनगट हलवलं नाही. पलीकडून सूर्य वर आला आणि खालच्या धुक्याला एकाएकी सोनेरी रंग चढला. ती ते बघत होती, आणि मधूनच, चोरून, बघणाऱ्या त्याला बघत होती. देवाने दिलेली एवढी मोठी गोष्ट आपल्या डोक्यावर रोज होती आणि आपण मान वर केली नाही, असं तिला वाटलं. त्यातलं किती फुग्याबद्दल होतं आणि किती त्याच्याबद्दल, हे तिला वेगळं करता येईना.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. व्यापारी संध्याकाळी लॅबची किल्ली न्यायला येणार होता. काकांनी सांगितलं होतं, चार वाजेपर्यंत बँकेचं पत्र आण, मी त्याला परत पाठवतो. नाहीतर माझा इलाज नाही. सांगताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

तक्रार खिडकीवर मॅडमनी एक कागद पुढे सरकवला. सगळं मंजूर झालं होतं, दोन्ही खाती वेगळी होणार होती, त्याचे हप्ते त्याच्या कर्जात जमा होणार होते, तिचं नाव धुतल्यासारखं स्वच्छ होणार होतं. फक्त या शेवटच्या कागदावर दोघांच्या सह्या हव्या होत्या. तिचं कर्ज मंजूर झाल्याचं पत्र टेबलावर तयारच होतं. ते तिला दिसत होतं.

तिने पेन उचललं आणि सही करून मोकळी झाली. कागद त्याच्याकडे दिला. तो वाचू लागला, वरपासून, एकेक ओळ, बोट ठेवून. मग बोट एका ठिकाणी थांबलं.

"ही सही मी करू शकत नाही," तो म्हणाला.

काय झालं म्हणून तिने कागद ओढून घेतला. छापील ओळ होती. आम्ही, खाली सही करणारे, असे जाहीर करतो की आमची एकमेकांशी ओळख नाही, आमच्यात कोणतेही नाते वा संबंध नाही.

"नुसती छापील ओळ आहे," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळेच करतात सही. चार वाजता लॅब जाणार माझी. कोण वाचतंय हे?"

"मी वाचली ना." त्याचा चेहरा उतरला होता, पण पेन त्याने खालीच ठेवलं होतं. "तुझ्या लॅबसाठी मी काय वाटेल ते करीन. फुगा विकायला सांग, आत्ता विकतो. पण तुझ्याशी माझा काही संबंध नाही असं... असं मी लिहून देणार नाही. छापील कागदावरसुद्धा नाही."

तिने स्वतः ती ओळ न वाचता सही ठोकली होती. वाचली असती तरी ठोकली असती. आणि हा माणूस, ज्याचं स्वतःचं कर्ज या कागदावर अडकलं होतं, एका ओळीपुरतंही तिला नाकारायला तयार नव्हता. तिला त्या पहाटेसारखंच झालं, सगळं खाली चाललंय आणि आपण वर. याच्याशिवाय आता आपलं काही खरं नाही, हे तिला बँकेच्या त्या कोंदट खोलीत, रांगेतल्या माणसांच्या देखत, लख्ख कळलं.

"ओळख असणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म आहे," खिडकीतून मॅडम म्हणाल्या. त्या सगळं ऐकत होत्या. "भाऊ-बहिणींच्या फाइली एकत्र होतात कधीकधी, त्यांच्यासाठी ठेवलाय. आत्ता भरलात तर पत्र आत्ता देते. पण त्यात नातं लिहावं लागतं. रकाना रिकामा चालत नाही."

"मित्र लिहिलं तर?" त्याने विचारलं.

"मित्र नात्यात धरत नाहीत. रक्ताचं लागतं, नाहीतर लग्नाचं. झालेलं किंवा ठरलेलं."

त्याचे कान लालबुंद झाले. आभाळात बिनदिक्कत हिंडणारा तो माणूस टेबलाची कड धरून उभा होता. "ठरलेलं तर... नाही," तो अगदी हळू म्हणाला, कारण खोटं त्याला तेव्हाही बोलता येईना. "म्हणजे मी... मी विचारणार होतो. या रविवारी. वारा बरा असता तर."

दातवालीने नवा फॉर्म स्वतःकडे ओढला. त्याने खाली ठेवलेलं पेन घेतलं. नात्याच्या रकान्यात तिने बारीक, सुरेख, जरासुद्धा न थरथरणाऱ्या अक्षरात लिहिलं, नियोजित वधू-वर. खाली सही केली, आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो वाचला. बोट ठेवून वाचला. पुन्हा वरपासून वाचला. मग त्याने सही केली, आणि सही होईपर्यंत तिने कागद धरून ठेवला.

मॅडमनी फॉर्म उजेडात धरला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे रोखून पाहिलं. "खोटी माहिती दिली तर गुन्हा दाखल होतो, ठाऊक आहे ना? ही नोंद खरी आहे?"

"खरी आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे तिच्यावरच होते. "मला आत्ताच कळली."